दोन पदव्या आणि बिनकामाचा भिक्खू

1996 साली सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले, एक फेब्रुवारीत, दुसरा एप्रिलमध्ये. पहिला खटला आपल्या शहरातला: अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. जुलै 1963 मध्ये औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात एक बाई बाळंतपणासाठी दाखल झाल्या. बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आणि रक्त टिपायचा एक मॉप पोटातच राहिला. पुन्हा पोट उघडून तो काढला, पण दाखल झाल्यापासून दोन आठवड्यांत त्या गेल्या. घरच्यांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने 36 हजार रुपये भरपाई मंजूर केली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सरकारी दवाखाना चालवणे हे राज्याचे सार्वभौम काम, तिथल्या चुकीची भरपाई राज्याकडून मागता येत नाही, असा त्यामागचा विचार. सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य करून भरपाई पुन्हा कायम केली. तोवर जवळजवळ 33 वर्षे उलटली होती. दुसरा खटला मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. हनिराज चुलानी यांचा. त्यांनी 1991 मध्ये एलएलबी केली आणि डॉक्टरकी चालू ठेवून वकिलीची सनद मागितली. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने नकार दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. वकिली माणसाचा सगळा वेळ मागते आणि डॉक्टरकीही. एकाच वेळी दोन्हींना न्याय देता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. या दोन निकालांचा एकमेकांशी कायद्याने काही संबंध नाही. पण पहिला वाचला की कायदा आणि दवाखाना यांच्यात कुणीतरी दुवा असायला हवा होता असे वाटते, आणि दुसरा सांगतो की दोन्हीकडे पाय ठेवू नका.

कायद्याची पदवी आणि रुग्णालय व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी अशी जोडी करावी का, या प्रश्नाकडे आपण करिअरचा प्रश्न म्हणून बघतो. या शहरात तशी सोयही आहे. घाटी हे सरकारी रुग्णालय आहे, ट्रस्टची मोठी रुग्णालये आहेत, 1981 पासून उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, 2017 पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. अमेरिकेत काही विद्यापीठे या दोन पदव्या एकत्र देतात. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये दोन पदव्या एकदम करायला मुभा दिली असली, तरी बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांत कायद्याच्या नियमित अभ्यासक्रमाबरोबर दुसरा नियमित अभ्यासक्रम चालत नाही. म्हणजे आधी एक, मग दुसरा: एलएलबीची तीन वर्षे आणि व्यवस्थापनाची दोन. एवढी वर्षे घालवून माणूस काय होतो, हा मात्र करिअरचा प्रश्न नव्हे, नीतीचा आहे. वकिलाची निष्ठा अशिलाशी बांधलेली असते आणि अशिलाला अडचणीचे ठरेल ते न बोलणे हा त्याच्या कर्तव्याचाच भाग असतो. दवाखान्याची निष्ठा आजाऱ्याशी असायला हवी. न्याय आणि करुणा एका डोक्यात नांदतील की त्यांतली एक दुसरीला गिळून टाकेल? मला वाटते, नांदू शकतात, पण एका अटीवर. त्या अटीचा पुरावा मी शोधतो तो विद्यापीठाच्या मागच्या डोंगरातल्या आणि पुढे अजिंठ्याच्या लेण्यांत ज्या संहितांवर भिक्खूंचे जगणे चाललेले असे, त्या विनयात.

विनय हा धर्मग्रंथ खरा, पण त्याची बांधणी कायद्याची आहे: घटना, चौकशी, नियम, अपवाद, दोषाची प्रत. त्याच्या निरनिराळ्या संप्रदायांच्या संहिता होत्या. पाली विनयातल्या महावग्ग या भागात एक प्रसंग येतो. एका भिक्खूला पोटाचा विकार जडला आहे आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून आहे. बुद्ध आणि त्यांचा शिष्य आनंद विहाराची पाहणी करत तिथे येतात. तुझी देखभाल करणारे कुणी नाही का, असे विचारल्यावर तो सांगतो की मी इतरांच्या काही कामाचा नाही, म्हणून ते माझे करत नाहीत. बुद्ध पाणी घालतात, आनंद अंग धुतो, दोघे मिळून त्याला उचलून खाटेवर ठेवतात. कीर्तनात किंवा प्रवचनात ही गोष्ट बहुधा इथे संपेल. विनयात ती इथे सुरू होते. बुद्ध संघाला एकत्र बोलावून चौकशी करतात आणि सांगतात की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार? मग नियम येतो. उपाध्याय असेल तर त्याने करावे, आचार्य असेल तर त्याने, शिष्य असेल तर त्याने, सोबत राहणारा असेल तर त्याने. यांपैकी कुणीच नसेल तर संघाने करावे, आणि संघाने केले नाही तर तो दोष. जबाबदारीची अशी उतरंड लावून शेवटची पायरी संस्थेच्या गळ्यात बांधलेली इतकी जुनी तरतूद मला तरी दुसरीकडे दिसलेली नाही. चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. त्यांत संस्था नाही. विनयात ती आहे.

पुढचा भाग व्यवस्थापनाचा. चांगल्या परिचारकाचे पाच गुण दिले आहेत: औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य कळणे, मलमूत्र, थुंकी, ओकारी काढायची किळस नसणे, धीर देणारे बोलता येणे आणि लोभाने नव्हे तर मैत्रीच्या भावनेने सेवा करणे. त्याच्या आधीच सेवा करायला अवघड असलेल्या रोग्याची लक्षणे आहेत, आणि त्यांत आपला आजार खरा न सांगणे हेही आहे. केसपेपर लिहिणाऱ्या कुठल्याही इंटर्नला हे पटेल. लगेच पुढे आणखी एक नियम येतो. वारलेल्या भिक्खूच्या वस्तूंचा मालक संघ, पण त्याचे चीवर आणि भिक्षापात्र त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे. इथे चाणाक्ष वाचक थबकेल. लोभाने सेवा करू नये हा गुण, आणि सेवा केल्यास वस्तू मिळतात हा नियम, हे जुळते कसे? माझ्या मते इथेच विनयकारांची समज दिसते. मनातला हेतू कायद्याने ठरवता येत नाही, म्हणून त्याला गुणांच्या यादीत ठेवले. सेवा करणाऱ्याच्या पदरात काय पडावे हे कायद्याने ठरवता येते, म्हणून ते संघापुढे ठेवून, जाहीर करून, सर्वांच्या संमतीने द्यायला लावले. करुणा नियमात कोंबली नाही, आणि करुणा आहे म्हणून हिशेब सोडूनही दिला नाही.

यावरचा पहिला आक्षेप धार्मिक माणसाचाच असेल: नियमाने करायला लावलेली सेवा ही करुणा कसली? आक्षेप खोटा नाही, पण त्या भिक्खूच्या जागेवरून बघितले तर तो फार टिकत नाही. बुद्ध त्या दिवशी त्या दाराशी आले. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या गावी असणार आणि आजारी माणूस तिथेच असणार. आजूबाजूचे भिक्खू दुष्ट होते असे विनय म्हणत नाही. उपयोगाच्या माणसाचे करायचे, हा जगाचा साधा हिशेब त्यांनी चालवला होता. नियम तो हिशेब मोडतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्या भिक्खूंना शिक्षा झालेली नाही. नियम होण्याआधी ज्याच्या हातून चूक झाली तो दोषी धरला जात नाही, हे विनयाचे सर्वसाधारण तत्त्व आहे. एका घटनेतून पुढच्या सर्वांसाठी रीत तयार व्हायची, आणि नंतरच्या चुका पंधरवड्याच्या उपोसथाच्या सभेआधी स्वतः सांगून टाकायच्या. चूक लपवण्यात कुणाचाच फायदा नाही अशी ती रचना होती.

आता खोडवा खटल्याकडे पुन्हा पाहा. न्यायालयाने मुद्दा सरळ ठेवला: मॉप पोटात राहिला नसता तर दुसरी शस्त्रक्रिया करावीच लागली नसती; चूक यांची की त्यांची याचा काथ्याकूट केला तरी सगळे राज्याचेच नोकर, म्हणून जबाबदारी राज्याची. संघावर दोष ठेवणाऱ्या नियमाचीच ही आधुनिक भाषा. पण न्यायालयाचे काम तिथे संपते. मॉप पोटात राहू नये याचा उपाय अगदी साधा आहे: मोजणे. शस्त्रक्रियेआधी नर्सने मॉप आणि गॉज मोजायचे, थिएटरच्या फळ्यावर आकडा लिहायचा, मध्येच नवे घेतले तर त्यात मिळवायचे, पोट शिवण्याआधी पुन्हा मोजायचे आणि आकडा जुळला हे मोठ्याने सांगायचे. जुळला नाही तर सर्जन कितीही ज्येष्ठ असला तरी टाका घालायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेची जी तपासणी यादी काढली तिच्यात ही मोजणी आहे. आकडा जुळेना म्हणून एखाद्या सिस्टरने विभागप्रमुखांना थांबवायचे, तर तिच्या पाठीशी लेखी नियम हवा, आणि तो मोडल्यास काय होते हे व्यवस्थापनाला ठाऊक हवे. निकालपत्र वाचून त्यातून फळ्यावरचा तो आकडा काढणारा माणूस, ही माझ्या मते या दोन पदव्यांच्या जोडीची खरी जागा.

मग चुलानी निकालाचे काय? तो नीट वाचला तर ज्ञानाच्या आड येत नाही, धंद्याच्या आड येतो. सनद घेऊन कोर्टात उभे राहणे आणि रुग्ण तपासणे एकदम चालणार नाही, एवढेच तो म्हणतो. पगारी नोकरीत असलेल्याला वकिली करता येत नाही, असाही बार कौन्सिलचा नियम आहे. म्हणजे कायदा शिकून रुग्णालयाचा प्रशासक झालेला माणूस कायद्यानेच कोर्टाबाहेर ठेवला जातो. याला मी अडचण मानत नाही, उलट रक्षण मानतो. त्याचा अशील असा कुणी उरत नाही, त्यामुळे अशिलासाठी गप्प बसण्याचे कर्तव्यही उरत नाही. कायदा जाणणाऱ्याने खटल्यापेक्षा व्यवस्था उभी करण्याकडे वळावे, याचे मोठे उदाहरणही या शहराला परके नाही. इथे 1950 मध्ये मिलिंद महाविद्यालय उभे करणारे डॉ. आंबेडकर बॅरिस्टर होते आणि अर्थशास्त्रज्ञही. 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. पुढे ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार केली, आणि तिच्यातून 1948 चा राज्य कामगार विमा कायदा आला. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराच्या पगारातून आजही ईएसआयची वर्गणी कापली जाते आणि त्या योजनेखाली त्याच्या बायकोमुलांना उपचार मिळतो. इथे कायद्याचाच दवाखाना झाला.

विनयाचा आधार घेण्यात एक उणीव आहे आणि ती झाकून चालणार नाही. भिक्खू स्वखुशीने संघात येत, सगळे नियम मान्य करून येत. घाटीत मराठवाड्यातून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून येणारा रुग्ण काही मान्य करून येत नाही; तो नाइलाजाने येतो. शिवाय संघात दोष कबूल करता येतो, पण ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती काय पडते? विनय यावर जवळजवळ मुका आहे. खोडवा कुटुंबाला नुसते चूक झाली हे ऐकून पुरले नसते, आणि पुरायलाही नको होते. म्हणून दावा हवा, भरपाई हवी, ग्राहक कायदा हवा. करुणेच्या नावाखाली रुग्णाचा कोर्टात जायचा हक्क काढून घेणारा युक्तिवाद मला घातक वाटतो. माझे म्हणणे इतकेच की तो हक्क वापरण्याची पाळी आल्यानंतर जे ज्ञान जागे होते, ते आधी जागे व्हावे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातले 41 एए कलम घ्या. त्याखालच्या योजनेप्रमाणे ट्रस्टच्या रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, बिलांच्या रकमेतले 2 टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकायचे आणि तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता घ्यायचे. बिनकामाच्या भिक्खूसाठीचाच हा नियम म्हणायचा. पण रात्री दोन वाजता कॅश काउंटरवर बसलेल्या मुलाला तो माहीत आहे का, आणि पैसे न घेता रुग्णाला आत पाठवले म्हणून सकाळी त्याला कुणी झापणार नाही ना, यावर त्या कलमाचे सगळे मोल ठरते. बाहेरून येणारा पॅनेलवरचा वकील हे काम करणार नाही. त्याला बोलावतात ते नोटीस आल्यावर.

सर्वांत बोचरा आक्षेप शेवटी. असा दुहेरी शिकलेला माणूस रुग्णालय पगारावर ठेवते. तो रुग्णालयाचाच ढालकरी होणार, दुसरे काय? संमतीपत्रांची अवस्था पाहिली तर हे नाकारता येत नाही. 2008 च्या समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला चालत नाही आणि रुग्णाला पुरेशी माहिती मिळाली पाहिजे. त्याचा अर्थ अनेक ठिकाणी असा लावला गेला की फॉर्मची पाने वाढवा. बारीक टायपातला इंग्रजी मजकूर, खाली फुलीची खूण, आणि गंगापूरहून किंवा सिल्लोडहून आलेल्या नातेवाइकाचा अंगठा. हे काम कायदा जाणणाऱ्यांनीच केले आहे, आणि दुसरी पदवी घेतल्याने ते आपोआप सुधारणार नाही. म्हणूनच सुरुवातीला अटीचा उल्लेख केला. अट माणसाच्या चांगुलपणाची नाही. ती नेमणुकीच्या कागदावर लिहिता येते. या पदावरच्या माणसाकडे रुग्णालयाच्या बाजूने खटले लढवण्याचे काम देऊ नये, ते बाहेरच्या वकिलाकडेच राहू द्यावे. चूक झाली तर रुग्णाच्या घरच्यांना ती सांगण्याची जबाबदारी त्याची असावी, आणि ती मराठीत, बसून, समजेपर्यंत सांगावी. तो कुणाला उत्तरदायी, हेही ठरवावे: बिलिंगच्या प्रमुखाला नव्हे, विश्वस्तांना किंवा अधिष्ठात्यांना. आणि वर्षअखेरीला त्याच्या कामाचा हिशेब मांडताना किती दावे जिंकले हे न विचारता किती चुका आपण होऊन कळवल्या गेल्या आणि त्यांतल्या किती पुन्हा झाल्या नाहीत, हे विचारावे. एवढे लिहून द्यायची तयारी नसलेल्या रुग्णालयाने या दोन पदव्यांचा माणूस घेऊच नये; तिथे वकील आणि प्रशासक वेगवेगळे असलेलेच रुग्णाच्या सोयीचे.