कृतनाश, अकृताभ्यागम आणि लोकप्रिय मराठी कादंबरी

भारतीय दर्शनांत कर्मसिद्धान्ताची जी चर्चा झाली, तिच्यात दोन दोषांची नावे पुन्हा पुन्हा येतात. केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळताच ते कर्म वाया जाणे याला ‘कृतनाश’ म्हणतात, आणि जे कर्म केलेच नाही त्याचे फळ एखाद्याच्या माथी येणे याला ‘अकृताभ्यागम’ म्हणतात. जग न्यायाने चालते असे मानायचे तर हे दोन्ही दोष टाळावे लागतात, आणि ते एका आयुष्याच्या मर्यादेत टळत नाहीत असे दिसल्यामुळेच कर्माचा हिशेब मागच्या आणि पुढच्या जन्मांपर्यंत पसरवावा लागला. ब्रह्मसूत्रांत ईश्वरावर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा, असे जे दोन आक्षेप घेतलेले आहेत, त्यांनाही उत्तर दिले गेले ते याच हिशेबाच्या आधाराने. रहस्यकथा, साहसकथा, युद्धकादंबरी आणि कौटुंबिक कादंबरी यांचा या शास्त्रचर्चेशी संबंध जोडणे प्रथमदर्शनी ओढूनताणून आणलेले वाटेल, कारण साधकाच्या दृष्टीने ही पुस्तके चित्त विचलित करणारी आणि समीक्षकाच्या दृष्टीने वेळ घालवणारी ठरलेली आहेत. तथापि शास्त्रग्रंथ कधीही न उघडणाऱ्या मराठी वाचकाने हे दोन दोष तपासून पाहिले असतील, तर ते मुख्यतः याच पुस्तकांत.

हा प्रश्न केवळ ग्रंथांतला नाही, हे भिवंडी तालुक्यातील गणेशपुरीसारख्या ठिकाणी स्पष्ट दिसते. तानसा नदीच्या काठी वसलेल्या या गावी आणि शेजारच्या अकलोली-वज्रेश्वरी परिसरात गरम पाण्याची कुंडे असल्याने व्याधिग्रस्तांची ये-जा येथे जुनीच होती. 1936 मध्ये भगवान नित्यानंद येथे स्थायिक झाल्यावर आणि 8 ऑगस्ट 1961 रोजी त्यांनी येथेच देह ठेवल्यावर या ओघाला संतस्थानाचे रूप आले. अशा स्थानी येणाऱ्या माणसाच्या मनातला प्रश्न सहसा मोक्षाचा नसतो. कोणते पाप केले म्हणून हे दुखणे, हे कर्ज किंवा हे अपत्यवियोगाचे दुःख आपल्याच वाट्याला आले, असा तो असतो, म्हणजे शास्त्राच्या भाषेत अकृताभ्यागमाचाच असतो. नित्यानंद बहुधा मौन राहत. त्यांची जी वचने ‘चिदाकाश गीता’ या नावाने प्रसिद्ध आहेत, ती मंगळूरच्या वास्तव्यात भक्तांनी टिपून ठेवलेली आहेत. गणेशपुरीच्या भक्तपरंपरेने या मौनालाच उत्तर मानले. कादंबरीकाराला मात्र ती सवलत नसते, कारण प्रश्न उपस्थित केला की शेवटच्या पानापर्यंत त्याला त्याच्याविषयी काही ना काही बोलावेच लागते.

रहस्यकथेचे उत्तर सर्वांत सरळ आहे. बाबुराव अर्नाळकर (1906–1996) यांनी हजाराहून अधिक छोटेखानी रहस्यकथा लिहिल्या, आणि झुंजार, काळा पहाड, धनंजय ही त्यांची पात्रे एकेकाळी मराठी घरांत नातेवाइकांइतकी परिचित होती. त्यांच्यामागून आलेल्या गुरुनाथ नाईक यांचीही पुस्तके हजाराच्या घरात गेली. या सगळ्या वाङ्मयाचा पाया कृतनाशाच्या नकारावर उभा आहे. खून झाला म्हणजे तो कोणीतरी केला, आणि ज्याने तो केला त्याचे नाव पुस्तक मिटण्यापूर्वी कळणार, ही हमी मूल्यात समाविष्ट असते. मीमांसकांपुढे अशीच एक अडचण होती: यज्ञ आज संपतो आणि स्वर्ग मरणोत्तर मिळतो, तर मधल्या काळात त्या कर्माचे काय उरते? या अडचणीवर त्यांनी ‘अपूर्व’ नावाची कल्पना मांडली. कर्म संपल्यावरही फळ मिळेपर्यंत टिकून राहणारी, डोळ्यांना न दिसणारी शक्ती म्हणजे अपूर्व. रहस्यकथेतला पुरावा हे या अपूर्वाचे दृश्य रूप मानता येईल. खुनाचे कृत्य संपून जाते, पण ठसा, चिठ्ठी किंवा तुटलेली गुंडी मागे राहते आणि कर्त्यापर्यंत पोचवते. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की अपूर्व आपोआप फळते, तर पुरावा ओळखणारा कोणी नसेल तर तो केरात जातो.

या फरकामुळेच रहस्यकथेला एक नैतिक मोठेपण लाभते, आणि तिला उथळ म्हणणाऱ्यांच्या ते लक्षात आलेले नाही. कर्मसिद्धान्ताचा व्यवहारातला वापर अनेकदा पीडितालाच आरोपी करणारा ठरला आहे. विधवेला, महारोग्याला, खालच्या मानलेल्या जातीतल्या माणसाला त्याचे दुःख हे त्याच्याच मागील जन्माचे प्रारब्ध, म्हणजे फळ द्यायला लागलेले संचित, म्हणून ऐकवले गेले. रहस्यकथा मेलेल्या माणसाला त्याच्या पूर्वजन्माविषयी एक शब्दही विचारत नाही. तिच्या दृष्टीने खून हा खुन्याचा दोष असतो, प्रारब्धाचा नव्हे, आणि त्याचा निवाडा येथेच, माणसांनीच, तपास करून करायचा असतो. मात्र याच सरळपणात तिची मर्यादाही आहे. ज्याचा खून झाला तो पहिल्या प्रकरणानंतर कथेतून नाहीसा होतो, त्याच्या आईचे वा पत्नीचे पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही, आणि खुनी सापडला की सर्व काही पूर्ववत झाले असे गृहीत धरले जाते. कृतनाश टाळण्याच्या गडबडीत अकृताभ्यागम पानाबाहेर ढकलला जातो. (नारायण धारप यांच्या भयकथांत हे गृहीत ढळते, तेथे संकट ज्यांच्यावर येते त्यांचा बहुधा काहीच अपराध नसतो, आणि म्हणूनच धारपांना ‘समर्थ’ हे लोकोत्तर सामर्थ्याचे पात्र आणावे लागले, ज्याचे काम एकट्या गुप्तहेराच्या तर्काने भागले नसते.)

युद्धकादंबरीला हा दोष असा ढकलून देता येत नाही, कारण युद्धात मरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते युद्ध मागितलेले नसते. गणेशपुरीपासून जवळच असलेले वज्रेश्वरीचे मंदिर या संदर्भात विचार करण्यासारखे आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील वसईचा किल्ला पडावा म्हणून चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला आणि मे 1739 मध्ये वसई हाती आल्यावर तो फेडला, अशी या मंदिराची परंपरा आहे. किल्ल्याच्या धाटणीचे त्याचे प्रवेशद्वार आणि तट ती आजही सुचवतात. नवस ही एक अटीची कथा असते: मागणी, प्रतीक्षा आणि फेड असे तिचे तीन भाग असतात, आणि तिसरा भाग घडला तरच ती सांगितली जाते. न फळलेल्या नवसांची मंदिरे कोठेही नसतात. वसईच्या तटाआडचे लोकही आपापल्या देवाची प्रार्थना करीत असणार, हे नवसाच्या कथेत येऊ शकत नाही. चांगल्या युद्धकादंबरीत मात्र ते यावे लागते.

विजयाच्या कथेनंतर त्याच घराण्याच्या वाट्याला जे आले, ते कोणत्याही कादंबरीकाराला पुरून उरेल एवढे आहे. वसईनंतर दोन वर्षांच्या आत, 1740 च्या अखेरीस, चिमाजी अप्पा वारले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांचे थोरले बंधू बाजीराव गेले होते. चिमाजींचा मुलगा सदाशिवराव भाऊ हा 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर पडला. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ (1988) या कादंबरीला जो मोठा वाचकवर्ग लाभला, त्याचे कारण उत्कंठा हे असू शकत नाही, कारण तिचा शेवट मराठी वाचकाला पहिल्या पानाआधीच ठाऊक असतो. तरीही तो वाचतो, आणि मनातल्या मनात फाटे फोडीत राहतो: रसद वेळेवर पोचली असती तर, यात्रेकरू आणि बायकामुले बरोबर नसती तर. पराभवाची कारणे शोधणे हाही एक तपासच आहे. परंतु त्यात एक गुन्हेगार सापडत नाही, दोषांचे वाटे पडतात, आणि सगळे वाटे मिळवूनही मेलेल्यांच्या संख्येइतकी बेरीज होत नाही. उरलेली बाकी कोणाच्या खात्यावर मांडायची, याचे उत्तर या कादंबरीजवळ नाही, आणि ते नसणे हाच तिचा प्रामाणिकपणा आहे.

पानिपताच्या मागे एक रहस्यकथाही उरली, आणि ती कुटुंबातली होती. भाऊंचे प्रेत सापडून त्यावर अंत्यसंस्कार झाल्याचे वृत्तांत असूनही त्यांच्या मृत्यूविषयी संशय राहिला, काही वर्षांनी भाऊ म्हणवणारा एक इसम उभा राहिला, त्याच्याभोवती माणसे जमली, आणि 1776 मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत पेशवाईला त्याने बराच त्रास दिला; न. चिं. केळकर यांचे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रकरणावर आहे. राजकारणाच्या दृष्टीने तोतया खोटा ठरला आणि प्रकरण मिटले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांच्या दृष्टीने काहीच मिटले नाही. पतीच्या मृत्यूवर विश्वास न ठेवता त्या सौभाग्याची चिन्हे धारण करून राहिल्या. कोणत्याही युद्धमसलतीत ज्यांचा हात नव्हता अशा या स्त्रीच्या आयुष्याला अकृताभ्यागम याहून दुसरे नाव देता येत नाही. रहस्यकथाकाराने येथे तोतयाला नायक केले असते. कौटुंबिक कादंबरीकाराने पार्वतीबाईंकडे पाहिले असते, आणि तेच अधिक योग्य ठरले असते.

कौटुंबिक कादंबरीची अशी दृष्टी शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ (1967) या कादंबरीत सर्वांत स्पष्ट दिसते. महाभारताचा आधार, युद्धाचा शेवट आणि जन्मरहस्याचे कथासूत्र असे तिचे रूप असले, तरी तिचा गाभा एका मुलाला आईने सोडल्याचा आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्या तोंडून आळीपाळीने कथा सांगण्याची तिची योजना केवळ तंत्राची नाही. एकाच कृतीचे फळ वेगवेगळ्या माणसांना कसे भोगावे लागते हे त्या योजनेमुळे दिसते, आणि ज्याने कृती केली तोही पूर्ण दोषी वाटेनासा होतो. येथे एक साम्य आहे, ते ताणू नये, पण नोंदवण्याजोगे आहे: नित्यानंदांविषयीची परंपराही त्यांना केरळात सापडलेले आणि दुसऱ्यांनी वाढवलेले मूलच मानते, आणि त्यांचे जन्मदाते कोण हे तिने कधी सोडवायचे कोडे मानले नाही. कर्णाच्या कथेत जन्म कळणे हीच शोकांतिका ठरते. गणेशपुरीच्या कथेत जन्म न कळण्याने काहीच अडत नाही.

आता साधकाच्या आक्षेपाकडे वळता येते. चित्त एकाग्र करू पाहणाऱ्याने चित्त ओढून नेणारी पुस्तके वाचू नयेत, हे म्हणणे सरसकट खरे मानणे गणेशपुरीच्याच परंपरेला जड जाईल. नित्यानंदांचे शिष्य स्वामी मुक्तानंद (1908–1982) यांनी तेथील आश्रमात ज्या काश्मीर शैवदर्शनाचा पुरस्कार केला, त्याचा सर्वांत मोठा आचार्य अभिनवगुप्त हाच भारतीय रसचर्चेचाही सर्वांत मोठा आचार्य आहे. रसास्वादाच्या आड येणाऱ्या ज्या विघ्नांची त्याने चर्चा केली, त्यांत प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून राहणे हे एक आहे. ते दूर झाले म्हणजे रंगभूमीवरचे दुःख ना नटाचे राहते ना प्रेक्षकाचे, ते सर्वसाधारण होते, आणि अशा अनुभवात आत्मविश्रांतीची झलक असते. या कसोटीवर लोकप्रिय कादंबऱ्या एका पारड्यात बसत नाहीत. ज्या पुस्तकाला ‘पुढे काय’ एवढ्या एकाच कुतूहलाचा आधार असतो, ते उत्तर मिळताच संपते आणि दुसऱ्यांदा वाचवत नाही. अर्नाळकरांच्या बहुतेक पुस्तिका या वर्गात पडतात, त्यांच्याविषयी कितीही ममत्व असले तरी. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (1962) मात्र माधवरावांचा अकाली मृत्यू आधीच माहीत असलेला वाचक पुन्हा पुन्हा वाचतो, कारण तेथे कुतूहल संपल्यावरच करुण सुरू होतो. आपले दुःख घेऊन आलेल्या वाचकाला दुसऱ्याच्या दुःखात ते विसरता येते, ही पळवाट आहे असे म्हणणाऱ्याने रसविघ्नाची वरील मांडणी एकदा पाहावी.

‘स्वामी’ 1772 मध्ये माधवरावांच्या निधनाशी थांबते. पुढच्याच वर्षी, 30 ऑगस्ट 1773 रोजी, शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ केल्याच्या आख्यायिकेसह मराठी इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध खूनप्रकरण जन्माला आले. त्याचा तपास करणारे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांना दोषी ठरवले आणि, परंपरा सांगते त्याप्रमाणे, देहान्त प्रायश्चित्तच त्यांना सुनावले. दंड राजाने द्यायचा असतो आणि प्रायश्चित्त कर्त्याने स्वतः स्वीकारायचे असते. येथे दोषी स्वतःच सत्तेवर असल्याने दंड देणारे कोणी नव्हते, आणि प्रायश्चित्त त्याने स्वीकारले नाही. तपास रहस्यकथेच्या शेवटापर्यंत पोचला, पण फळ आले नाही: राघोबा 1783 मध्ये कोपरगावी नैसर्गिक मृत्यूने गेले आणि त्यांचा मुलगा पुढे पेशवा झाला. 1818 मध्ये त्याच मुलाच्या हातून पेशवाई गेली, तेव्हा नारायणरावांच्या खुनाचे फळ मिळाले असे म्हणणारे पुष्कळ निघतात. परंतु कृतनाशाचा दोष असा बुजवू पाहणाऱ्याला त्या पडझडीत पोट तुटलेले शिलेदार, कारकून आणि कुळे यांचा शनिवारवाड्यातल्या त्या दुपारशी काय संबंध होता, हे सांगावे लागेल.