पाण्याकाठचे पाहुणे

सुट्टीचे दिवस जवळ आले की घराघरांतून सहलीचे बेत शिजू लागतात. एके काळी हे बेत मामाच्या गावापुरते असत. फार तर एखाद्या यात्रेला जोडून दोन दिवस अधिक. आता मुलांना नदीकाठी तंबूत राहावयाचे असते, तलावाच्या काठी लाकडी खोलीत झोपावयाचे असते, शेकोटीभोवती बसून आकाश पाहावयाचे असते. या इच्छेत वावगे काही नाही. चार भिंतींत वाढणाऱ्या मुलांनी पाण्याचा आवाज ऐकत एखादी रात्र काढावी, हे कोणत्याही आईबापाला आवडेलच. आम्ही नशिराबाद-भुसावळकडील काही कुटुंबे यंदा असाच बेत आखावयास बसलो. कोण काय आणणार, स्वयंपाक कुणाकडे, आजीला झेपेल का, हे सारे पटापट ठरले. अडले ते एका साध्या प्रश्नापाशी. ज्या काठावर आपण विसाव्याला जाणार, तो काठ कुणाचा?

प्रश्न वरवर पोरकट वाटतो. काठ सरकारचा, असे उत्तर कुणीही देईल. किंवा तो कुणाचाच नाही, मोकळाच पडला आहे, असे म्हणेल. आमच्या मते हे दुसरे उत्तर अधिक घातक आहे.

पाणी शोधावयास नशिराबादकराला दूर जावे लागत नाही. भुसावळच्या वाटेवर साकेगावापाशी वाघूर आडवी येते आणि पुढे तापीला मिळते. ही वाघूर अजिंठ्याच्या डोंगरातली. घोड्याच्या नालासारख्या ज्या दरीत लेणी कोरली आहेत, त्या दरीतून वाहणारी नदी तीच. तेथील विहार म्हणजे तरी काय? भिक्षूंच्या राहण्याच्या दगडी खोल्या. पावसाळ्याचे महिने भिक्षूंनी एका जागी राहावे असा नियम होता. त्याला वर्षावास म्हणत. त्याचे एक कारण मोठे मार्मिक आहे. पावसात कोवळे अंकुर फुटतात, बारीकसारीक जीव जमिनीवर येतात. ते चालणाऱ्याच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून चालणाऱ्यानेच थांबावे. नदीकाठी खोली करून राहण्याची कल्पना आपल्या मुलखाला दोन हजार वर्षे जुनी आहे. पण तिचा उगम स्वतःच्या करमणुकीत नव्हता, दुसऱ्याच्या जिवाची काळजी करण्यात होता, हे आमच्या मनातून जाईना.

आता आपला प्रश्न घेऊ. खानदेशात उन्हाळी मुक्काम करण्याचे धाडस कुणी करणार नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. पावसाळ्यात सातपुड्यात पाऊस झाला की कोरड्या नाल्यालाही अवचित लोंढा येतो, आणि हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांतून पाणी सुटले की तापीचा काठ पाहता पाहता बदलतो. म्हणून उरतो हिवाळा. नेमका हाच काळ हिमालयापलीकडून येणाऱ्या बदकांचा आणि चक्रवाकांचा. हतनूरच्या जलाशयावर त्यांचा मुक्काम आपल्या आधीच पडलेला असतो. आणि याच काळात धरणाचे पाणी मागे सरू लागते. उघड्या पडलेल्या त्या ओल्या, सपाट जमिनीला शहरातला माणूस ‘मस्त मोकळी जागा’ म्हणतो. शेतकरी तिला गाळपेर म्हणतो. पाणी ओसरले की तीत हरभरा, गहू, भाजीपाला होतो. ही जमीन हंगामापुरती कसावयास देताना धरणात ज्यांची शेते गेली त्यांना अग्रक्रम असतो. आपण तंबूची खुंटी जेथे ठोकू पाहतो, तेथे कुणाच्या तरी बुडालेल्या संसाराची एवढीच भरपाई उगवत असते. पाण्यातही तेच. संध्याकाळी टाकलेले जाळे पहाटे काढावयाचे असते. काठावर रात्रभर दिवे आणि ध्वनिक्षेपक चालू राहिले तर आपली एक रात्र रंगते आणि मच्छीमाराचा एक दिवस जातो.

यावर कुणी म्हणेल, अहो, आम्ही भाडे मोजतो, फुकट राहत नाही. भाडे मोजावेच. पण भाड्याने तंबूवाल्याचा हिशेब मिटतो. ज्याचे जाळे तुटले तो त्या हिशेबात नसतोच. आणखी कुणी म्हणेल, आमच्या चार तंबूंनी असे काय होणार? पुणे जिल्ह्यातील पवना धरणाचा काठ पाहावा. तेथेही प्रत्येकाचे चारच तंबू होते.

मग जाऊच नये काय? तसेही आम्हांस वाटत नाही. कोयनेच्या शिवसागराकाठी तापोळ्याला स्थानिक लोक नावा चालवितात, पाहुण्यांना घरात उतरवून घेतात. त्यावर त्यांची चूल पेटते. ज्या धरणाने त्या खोऱ्याची गावे उठविली आणि ज्याच्या विस्थापितांना पन्नास वर्षांनंतरही पुनर्वसनासाठी आंदोलने करावी लागली, त्याच पाण्यावर आज थोडी मिळकत होत असेल तर सोवळेपणाने तिकडे पाठ फिरविण्यात कसली नीतिमत्ता? शिवाय न गेल्याने आपण मोकळे होतो, हाही भ्रमच. जळगाव शहर वाघूर धरणाचे पाणी पिते. त्या धरणासाठी ज्यांनी जमिनी सोडल्या त्यांचे देणे सहलीला गेल्यावर सुरू होत नाही; ते नळ उघडताच सुरू झालेले असते. काठावर गेल्यावर एवढेच घडते की ज्यांचे आपण देणेकरी आहोत ती माणसे समोर येतात. घरी बसून त्यांची तोंडे दिसत नाहीत, इतकेच.

बायबलमधील मंडपांच्या सणाची येथे आठवण होते. वर्षातून सात दिवस पक्के घर सोडून फांद्यांच्या मांडवात राहावे, अशी आज्ञा इस्राएली लोकांना होती. मिसरातून निघालेले आपले पूर्वज बेघर होते, हे पुढच्या पिढ्यांनी विसरू नये म्हणून. म्हणजे सुगीच्या आनंदातही त्या झोपडीत कुणाच्या तरी उघड्यावरच्या दिवसांची स्मृती होती. आपल्याकडे ही स्मृती फार जुनी नाही. १९९० च्या दशकात, नंदुरबार जिल्हा वेगळा होण्यापूर्वी, धुळे जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीत सरदार सरोवराचे पाणी शिरले. महाराष्ट्रातील ३३ गावे त्या धरणाच्या बुडिताखाली आली. तेथून उठलेल्या कित्येक कुटुंबांनी पत्र्याच्या खोल्यांत दिवस काढले. पत्र्याची किंवा लाकडाची खोली आपण गंमत म्हणून दोन रात्री भाड्याने घेतो, तेव्हा मुलांना हे सांगावे की नाही, यावर आमच्यात बराच वाद झाला. मुलांच्या आनंदावर विरजण का घालावे, असे काही मातांचे म्हणणे. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. पण मुले आपण समजतो तितकी नाजूक नसतात. शेकोटीपाशी भुताच्या गोष्टी चालतात, तर पाण्याखाली गेलेल्या गावाची गोष्ट का चालू नये?

शेवटी मुक्काम रावेर तालुक्यातील पालला करावयाचे ठरले आहे. सुकी नदीवरील गारबर्डीचे धरण तेथून जवळ आहे. भोवती यावलचे अभयारण्य, १९६९ साली घोषित झालेले. तेव्हा परवानगी आधीच काढावी लागेल आणि जंगलात शेकोटी पेटविता येणार नाही. हे ऐकून मुलांची तोंडे उतरली, पण नियम योग्यच आहे. दूध, भाकरी, भाजी तेथल्याच पावरा-तडवी घरांतून विकत घ्यावयाची, घासाघीस करावयाची नाही. ध्वनिक्षेपक घरी ठेवावयाचा. भांडी पाण्यात न घासता काठापासून दूर घासावयाची, आणि कचऱ्याची पोती भरून परत आणावयाची. ती कोणाच्या गाडीत, यावर मात्र अजून एकमत नाही.

परतताना एक दिवस हतनूरचा काठ पाहावयाचा आहे. तारीख पक्की झालेली नाही. तिकडे गाळपेरीत कुणाचे पीक कुठवर आले आहे, कोणत्या वाटेने खाली उतरता येईल, याची चौकशी करावयास पुढल्या रविवारी आमच्यातले दोघे जाऊन येणार आहेत.