निवृत्त की सक्रिय?

"मॅडम, ही दीर्घिका सक्रिय कृष्णविवरांच्या यादीत ठेवू की काढू?"

"आलेख काय म्हणतो?"

"बाल्डविन, फिलिप्स आणि तेर्लेविच यांच्या वर्णरेषांच्या गुणोत्तरांच्या १९८१ च्या आलेखावर ती लायनरच्या, म्हणजे कमी आयनीभवनाच्या केंद्रांच्या, कोपऱ्यात पडते. सर्पिल दीर्घिकांचं सोपं असतं. नवे तप्त तारे वायू आयनीभूत करतात, हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा झळकते, नायट्रोजन मागे राहतो. एम ७७ सारखी सायफर्ट दीर्घिकाही लगेच ओळखू येते. कृष्णविवराभोवतालचे क्ष-किरण वायूत खोल शिरतात आणि नायट्रोजन, गंधकाच्या रेषा वर येतात. ही मात्र लंबवर्तुळाकार. नवे तारे जवळपास नाहीत, तरी नायट्रोजन हायड्रोजनला भारी."

"म्हणजे कृष्णविवर."

"किंवा म्हातारे तारे. बाहेरचं आवरण गेल्यावर उघडे पडलेले त्यांचे गाभे लाखभर केल्विन तापलेले असतात, आणि ते दीर्घिकाभर पसरलेले. दीर्घिकांच्या मांगा सर्वेक्षणात लायनरसारखा मंद प्रकाश केंद्रापासून दूरवर दिसला. एकटं कृष्णविवर तिथवर कसं पुरेल?"

"मग काढ."

"एम ८७ चं केंद्रही लायनरच आहे. २०१९ मध्ये तिथल्या कृष्णविवराची सावली आपण सगळ्यांनी पाहिली. सरसकट काढलं तर तेही गेलं."

"ठेवलंस तर ताऱ्यांना कृष्णविवर म्हणशील, काढलंस तर कृष्णविवर हरवशील. यातली कुठली चूक तुला परवडते, हे वर्णपट सांगणार नाही."

"सिद फर्नांदिस यांची हद्द वापरते. लाल रेषेची समतुल्य रुंदी, म्हणजे मागच्या उजेडाच्या तुलनेत तिची ताकद, ३ अँगस्ट्रॉमहून कमी असली, की दीर्घिका निवृत्त, म्हणजे तारे घडवणं थांबवून म्हाताऱ्या ताऱ्यांवर उजळणारी."

"वापर. पण ती आपण आखलेली आहे. २.९ आणि ३.१ यांच्यामध्ये आकाशात काही घडत नाही. हद्दीखाली ताऱ्यांचा उजेड पुरतो, इतकंच कळतं. कृष्णविवर नाही, असं त्यातून निघत नाही."

"असं करत बसले तर यादी संपायचीच नाही, मॅडम. मला सक्रिय कृष्णविवरांचा एक आकडा हवाय."

"दोन दे. अशा दीर्घिकांना धरून एक, वगळून एक."

"वाचणारे विचारतील, खरा कोणता?"

"विचारू देत. एकच आकडा दिलास तर तो प्रश्न त्यांना पडणारही नाही, याची मला जास्त काळजी वाटते."

"बरं. पण आधी क्ष-किरणांची निरीक्षणं बघते. केंद्रात ठळक बिंदू सापडला, तर मी ही दीर्घिका यादीत घेणार."

"जरूर घे. नाही सापडला तरी खोडू नकोस. दाट वायूआड कृष्णविवर झाकलं जातं."