न्यायासनावरची श्रद्धा

न्यायाधीशाने न्यायासनावर बसताना आपली श्रद्धा घरी ठेवून यावी, असे आपण सहज म्हणतो. भूषण गवई यांची कारकीर्द पाहिली की हा आग्रह मला पुरता पटत नाही. अमरावतीच्या फ्रेझरपुऱ्यातल्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले गवई १९८५ मध्ये वकिलीत आले, २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि १४ मे २०२५ रोजी देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश. वडील दादासाहेब, म्हणजे रा. सू. गवई, हे वऱ्हाडातल्या रिपब्लिकन चळवळीचे मोठे नेते. धम्म घरातूनच आलेला आणि उघडपणे मानलेला. अशा माणसाकडून निःपक्ष न्यायाची अपेक्षा करता येते का? येते. श्रद्धा हा निकालाचा आधार होऊ नये; पण निकाल देणाऱ्याच्या मनाला ती शिस्त लावू शकते.

ही शिस्त बौद्ध परंपरेत नेमकी सांगितली आहे. सिगालोवाद सुत्तानुसार आसक्ती, द्वेष, भय आणि मोह या चार गोष्टी माणसाला आडमार्गाला नेतात. यात आपल्या पंथाला झुकते माप देण्याची मुभा कुठेच नाही. पहिला इशाराच आपल्या माणसांच्या ओढीबद्दल आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली, तेव्हा गवई यांनी स्वतंत्र निकालपत्रात या जातींतही उन्नत गट ओळखण्याचे धोरण असावे, असे मांडले. आंबेडकरी समाजातूनच त्यावर कडक टीका झाली. ते मत बरोबर की चूक, यावर वाद होऊ शकतो; पण आपल्यांना राजी करण्यासाठी ते दिले, असे टीकाकारही म्हणू शकत नाहीत. १३ नोव्हेंबर २०२४ च्या बुलडोझर प्रकरणातही तेच दिसते. केवळ आरोपी आहे म्हणून कुणाचे घर पाडता येणार नाही, आधी १५ दिवसांची नोटीस हवी आणि नियम मोडणारा अधिकारी वैयक्तिक जबाबदार राहील, असे त्यांच्या खंडपीठाने सरकारांना बजावले. सत्तेचे भय धरले असते तर हे लिहिता आले नसते.

यावर पहिला आक्षेप असा की नास्तिक न्यायाधीशानेही हेच निकाल दिले असते. दिले असते, आणि निकालामागे धम्मच होता हे सिद्धही करता येणार नाही. म्हणून माझा दावा मर्यादित आहे: श्रद्धा न्यायाला आवश्यक नाही, पण अडसरही नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खजुराहोच्या भग्न विष्णुमूर्तीच्या दुरुस्तीची याचिका फेटाळताना देवालाच साकडे घालण्याविषयी ते जे बोलले, त्याने अनेक भाविक दुखावले. विषय पुरातत्त्व विभागाचा आहे, एवढे कारण पुरेसे होते. ते वाक्य नको होते. सर्व धर्मांचा आदर करतो, असे त्यांनी नंतर सांगितले. पण त्याच वाक्याच्या रागातून ६ ऑक्टोबर २०२५ रोजी एका वकिलाने भर न्यायालयात त्यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी कामकाज थांबवले नाही आणि त्या वकिलावर कारवाईचा आग्रहही धरला नाही. अपमान पदाचा होता, क्षमा करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, असे विचारले गेले. मात्र स्वतःच्या खटल्यात स्वतः न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व कायद्याचेच आहे. द्वेषापासून दूर राहण्याची धम्माची शिकवण इथे त्याच्या आड आली नाही, उलट त्याला बळ देणारी ठरली.

गवई २३ नोव्हेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले. अमरावती-अकोल्यातून उद्या आणखी कोणी त्या खुर्चीवर बसेल. त्याचा धर्म विचारण्याआधी त्याची निकालपत्रे वाचा. आपल्यांना न आवडणारे कारणही तो लिहू शकतो का, एवढे तपासा.