पेरणी आणि पैज

क्रिकेटचा सामना कोण जिंकणार, यावर पैज लावणे आता जुने झाले. पहिल्या सहा षटकांत ५० धावा होतील की नाही, एवढ्यावरही सट्टा लागतो. अर्ध्या तासात निकाल हाती. आमच्या धर्मग्रामातील एका शेतकरी कुटुंबाच्या अंगणात चहा घेत असता थोरल्या मुलाने आपण या फेऱ्यात सापडल्याचे आम्हांस सांगितले. (बोलणे अंगणातले होते, प्रायश्चित्त संस्कारातले नव्हे, आणि लिहिण्यास त्याची संमती आहे.) सोयाबीनच्या बियाण्यासाठी ठेवलेले पैसे त्यात गेले होते.

आम्ही बोलू लागताच तो म्हणाला, "फादर, बाबा मृगाच्या भरवशावर हजारोंचं बियाणं मातीत टाकतात. पाऊस दडी मारतो, दुबार पेरणी होते. ते कष्ट आणि माझा तेवढा जुगार?"

आम्ही निरुत्तर झालो, हे कबूल केले पाहिजे. धाराशिव जिल्ह्यात राहणाऱ्याने हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. एरवी पावसाची वाट पाहणाऱ्या याच जिल्ह्यात २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंडा भागातील उभी पिके पुराने नेली.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ३४ वे सूक्त जुगाऱ्याचे आहे. फाशांपायी घर गमावलेल्या त्या माणसाला तेथे शेती करण्यास सांगितले आहे. पाऊस तेव्हाही बेभरवशाचाच असणार. तरी या दोन जोखमींतला फरक तेव्हाही दिसत होता. पीक आले, तर जगात पूर्वी नसलेले धान्य येते. बुडाले, तर त्यात शेजाऱ्याचा लाभ नसतो. सहा षटकांत कितीही धावा होवोत, सट्ट्याच्या पैशांत एका रुपयाची भर पडत नाही. एकाचे दुसऱ्याकडे जातात, मधला बुकी आपला वाटा काढून घेतो. मुंबईचा मटकाही मुळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या आणि मिटत्या भावांवर खेळला जाई. बोंडाला कधी हात न लावलेल्यांनी कापसाच्या भावावर पैसे लावायचे!

कायद्याचे येथे सांगत नाही. जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे, आणि २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवरही बंदी आली. ख्रिस्तसभा मात्र सरसकट प्रत्येक पैजेला पाप म्हणत नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने (परिच्छेद २४१३) पैज मुळातच अन्यायाची ठरविलेली नाही. आपल्या व इतरांच्या गरजेचे जे आहे, ते तिने हिरावले की ती नीतीला मान्य नाही. ही कसोटी आम्हांस मोठी व्यवहारी वाटते. सणाच्या सोडतीची तिकिटे आम्हीही खपविली आहेत. पण ते दहा रुपये आणि बियाण्याचे पैसे एका तराजूत घालता येत नाहीत.

पुढच्या भेटीत हे सारे त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि हळूच विचारले, "बाबांना तुम्ही सांगाल का?"

"नाही," आम्ही म्हणालो, "सांगायचे तूच. आम्ही शेजारी बसतो."

वडील गोठ्यात धार काढीत होते. आम्ही दोघे उठलो.