शून्य आणि ‘माहीत नाही’

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं. देशातला विक्रम राजस्थानातल्या फलोदीचा, २०१६ सालचा, तोही ५१ अंशांचा. सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं हवामान खात्याने पुढे स्पष्ट केलं, पण तोवर आकडा देशभर फिरला होता. मला यात काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. यंत्राची नोंद नेहमी नीटनेटकी येते. वेळ, ठिकाण, तापमान, सगळं जागच्या जागी. मांडणी चोख असली की आतला आकडाही खरा वाटायला लागतो.

नागपुरातच मनीषनगरात गच्चीवर, सावलीत, मी अर्डुइनो उनो बोर्ड आणि तापमान-आर्द्रता मोजणारा डीएचटी-२२ सेन्सर बसवलाय. या उनोची रॅम २०४८ बाइट. एवढ्याशा जागेत जेसन मांडणीतली अख्खी नोंद स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडत तयार करायला गेलं, तर मेमरीचे तुकडे पडतात आणि बोर्ड कधीही अडकू शकतं. त्यापेक्षा कंस, नाव, अपूर्णविराम, आकडा असं जे हाती येईल ते लगेच सिरियलवर सोडायचं. ठरलेले शब्द फ्लॅशमध्ये ठेवायचे. नुसत्या स्वल्पविरामांनी रकाने पाडणाऱ्या सीएसव्हीत बाइट वाचतात, खरं आहे. पण एक रकाना गळला की आर्द्रता तापमानाच्या जागी जाऊन बसते. जेसनमध्ये प्रत्येक आकडा आपलं नाव घेऊन येतो.

खरी कसोटी सेन्सरने उत्तरच दिलं नाही तेव्हा लागते. लायब्ररी ‘नॅन’, म्हणजे ‘आकडा नाही’, परत करते. ते तसंच छापलं तर नोंद जेसनच्या नियमात बसत नाही आणि वाचणारा प्रोग्रॅम ती सबंध नाकारू शकतो. मग तिथे शून्य घालायचा मोह होतो. दर तासाच्या २४ नोंदींत ४४ऐवजी एकदा शून्य आलं, तरी सरासरी जवळपास दोन अंशांनी उतरते. पर्जन्यमापकाच्या रकान्यात तर असं शून्य कुणाच्या लक्षातही येणार नाही. जेसनमध्ये ‘नल’, म्हणजे ‘माहीत नाही’, आहे तो अशाच वेळेसाठी. त्याला चार बाइट लागतात. तिथे काटकसर करू नये.

५६चं दुखणं मात्र ‘नल’ने बरं होत नाही. डीएचटी-२२ची मर्यादा ८० अंशांपर्यंत, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ५६ वावगं नाही. असा आकडा गाळून टाकणंही मला पटत नाही. उन्हाळा कुठवर जाईल हे आधीच ठरवणारे आपण कोण? आकडा आला तसा जाऊ द्यावा आणि शेजारच्या रकान्यात ‘तपासायचा आहे’ अशी खूण करावी. दहा मिनिटांत आठ अंशांची उडी दिसली की खूण, एवढा निकष उनोलाही झेपतो. त्यासाठी मागचा एक आकडा लक्षात ठेवावा लागतो, आणि त्यालाही चारच बाइट लागतात.