मेणबत्त्या आणा!

१९ मे १७८०. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात दिवस नेहमीसारखा उजाडला, पण सकाळीच आभाळ काळवंडू लागले. दुपारी इतका अंधार दाटला की लोक मेणबत्तीच्या उजेडात जेवायला बसले. पाखरे गप्प झाली, कोंबड्या भरदुपारी खुराड्यात शिरल्या. पावसाच्या पाण्यावर काजळीचा तवंग दिसू लागला. शेवटच्या काळी सूर्य काळा पडेल, हे तिथल्या लहानथोरांनी शास्त्रात वाचलेले. न्यायाचा दिवस आला, या धास्तीने लोक प्रार्थनामंदिरांकडे धावले.

कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला तेव्हा विधिमंडळाची बैठक चालू होती. कनिष्ठ सभागृहाने कामकाज थांबवले. गव्हर्नरच्या मंडळातही उठून जाण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा स्टॅमफर्डचे वयोवृद्ध सभासद अब्राहम डेव्हनपोर्ट यांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे असे होते, की न्यायाचा दिवस आला नसेल, तर बैठक मोडायचे कारणच नाही. आणि आला असेल, तर आपण आपले कर्तव्य करतानाच सापडावे. म्हणून मेणबत्त्या मागवा.

दुसऱ्या दिवशी सूर्य पुन्हा उगवला. तो अंधार वणव्यांच्या धुराचा होता. त्या काळी ऑन्टारिओच्या जंगलात मोठी आग लागल्याच्या खुणा पुढे संशोधकांना झाडांच्या खोडांत सापडल्या.

तो दिवस न्यायाचा नव्हता. तरी एक दिवस प्रभू येईल आणि विश्वासणारे त्याला भेटायला मेघांत घेतले जातील, असे पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिले. हे शेवटच्या काळातल्या महासंकटाच्या आधी घडेल, मध्ये की शेवटी, यावर ख्रिस्ती अभ्यासकांत आजही मतभेद आहेत आणि प्रत्येक जण शास्त्राचाच आधार देतो. हा अभ्यास जरूर करावा. पण तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही, हे खुद्द येशूने सांगून ठेवले आहे. तरी अमेरिकेतले उपदेशक विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी प्रभूच्या येण्यासाठी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काहींनी शेतातले पीकही काढले नाही. तो दिवस उलटला आणि हजारो भाबडे जीव रडत घरी परतले.

थेस्सलनीकातही काही जण कामधंदा सोडून बसले होते. स्वतः तंबू शिवून पोट भरणाऱ्या पौलाने त्यांना बजावले, की निमूटपणे काम करा आणि आपली भाकरी खा. येशूच्या दाखल्यातला धन्य सेवकही धन्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला नाही. तो घरच्या माणसांना वेळेवर जेवू घालतो आहे.

आपली तयारी अशीच असावी. कुणाचे पैसे द्यायचे असतील, तर ते आज द्यावेत. भावाशी अबोला असेल, तर आजच त्याच्या दारी जावे. प्रार्थना उद्यावर ढकलू नये. एवढे केलेल्या माणसाला प्रभूच्या येण्याचे भय उरत नाही; त्याला त्या भेटीची ओढ लागते.

तात्पर्य: प्रभू कधी येणार हे त्याच्यावर सोपवावे, तो येईल तेव्हा आपण आपल्या कामावर असावे.